परजीवी मेला, पण औषध झालं का?

नागपुरात अमरावती रोडवरचा विद्यापीठाचा औषधनिर्माणशास्त्र विभाग असो, की कामठीकडचं एखादं फार्मसी कॉलेज, एम. फार्म.च्या प्रबंधांची यादी चाळली की एक शीर्षक थोड्याफार फरकाने पुन:पुन्हा दिसतं. अमुक वर्गातल्या नव्या संयुगांची रचना, निर्मिती आणि मलेरियाविरोधी चाचणी. तोंडी परीक्षेच्या दिवशी बाहेर बसलेले पालक हमखास विचारतात, "सर, मग गोळी केव्हा येऊन राहिली बाजारात?" प्रश्न साधा आहे, पण उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही. खरं उत्तर असं की बहुतेक वेळा गोळी येतच नाही. का येत नाही आणि तरीही हे काम का करायचं, ते इथे जरा सविस्तर सांगतो.

आधी गरज. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात मलेरियाचे सुमारे २६.३ कोटी रुग्ण होते आणि ५.९७ लाख माणसं त्यात गेली. यातला फार मोठा वाटा आफ्रिकेचा. पण आपल्याला लांब जायला नको. महाराष्ट्रातल्या हिवतापाच्या रुग्णांतला मोठा वाटा गडचिरोलीचा असतो. भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची इकडच्या जंगलपट्ट्यात फॅल्सिपेरम हा घातक प्रकार आहे, आणि ताप मेंदूत गेलेला रुग्ण अनेकदा नागपूरच्या मेडिकलपर्यंत, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंत, आणावा लागतो. दुसरा प्रकार वायवॅक्स. तो सहसा जीव घेत नाही, पण पिच्छाही सोडत नाही. त्याच्याकडे शेवटी येऊ.

औषधं आहेतच की, मग नवी कशाला? कारण हा परजीवी औषधाला सरावतो. भारतात क्लोरोक्विन या जुन्या औषधाला न जुमानणारा फॅल्सिपेरम पहिल्यांदा १९७३ मध्ये आसामातल्या कार्बी आंगलाँग भागात आढळला. आज फॅल्सिपेरमसाठी आपल्याकडे आर्टेसुनेट आणि सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिन अशी जोडी तीन दिवसांत देतात. ईशान्येकडच्या राज्यांत ही जोडीही पुरेना, म्हणून २०१३ पासून तिथे आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन आलं. आणि ज्या आर्टेमिसिनिनच्या कुटुंबावर (आर्टेसुनेट, आर्टेमेथर त्यातलीच) सगळं जग विसंबून आहे, त्यालाही दाद न देणारे परजीवी आधी कंबोडियात, मग रवांडा-युगांडात सापडले आहेत. एक औषध तयार व्हायला दहा-पंधरा वर्षं सहज जातात. त्यामुळे आजचं औषध चांगलं चालू असतानाच पुढच्याचा शोध सुरू असावा लागतो.

परजीवीची दुखती नस

नवा रेणू कागदावर आखायचा तर शत्रू जगतो कसा, हे आधी माहीत हवं. मलेरियाचा परजीवी आपल्या तांबड्या रक्तपेशीत शिरतो आणि तिथलं हिमोग्लोबिन खातो. पेशीतलं निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन तो फस्त करतो. त्यातल्या प्रथिनावर त्याचं पोट भरतं, पण हिमोग्लोबिनमधला लोह असलेला भाग, म्हणजे हीम, उरतो. मोकळं हीम हे विष आहे, परजीवीलासुद्धा. ते बाहेर टाकायची सोय त्याच्याकडे नाही. मग तो त्याचे निरुपद्रवी स्फटिक करून पोटातच साठवतो. लॅबमध्ये रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली धरणाऱ्या तंत्रज्ञाला परजीवीच्या आत जे काळपट-तपकिरी कण दिसतात, ते हेच.

क्लोरोक्विनचं मोठेपण इथे आहे. परजीवीच्या अन्नाच्या पिशवीत आम्ल असतं आणि क्लोरोक्विन अल्कधर्मी. रेणू पिशवीत शिरतो, आम्लाने त्याच्यावर विद्युतभार चढतो आणि मग त्याला परत बाहेर पडता येत नाही. तो तिथे साठत जातो, हीमला चिकटतो आणि स्फटिक वाढू देत नाही. परजीवी आपल्याच उष्ट्याने मरतो.

रसायनशास्त्राच्या माणसाला ही जागा फार आवडते, त्याला दोन कारणं. आपलं शरीर हिमोग्लोबिन मोडतं तेव्हा असे स्फटिक करत नाही, त्यामुळे हा घाव परजीवीवरच बसतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. बहुतेक औषधं परजीवीच्या एखाद्या प्रथिनावर बसतात, आणि प्रथिन जनुकातून येतं, म्हणून जनुकात एक अक्षर बदललं की प्रथिनाचा आकार बदलतो आणि औषध निकामी होतं. हीमचं तसं नाही. ते आपल्या रक्तातलं आहे, परजीवीच्या हातात त्याचा आकार नाही.

मग क्लोरोक्विन निकामी झालं कसं? परजीवीने हीमला हात लावला नाही, त्याने दार बदललं. अन्नाच्या पिशवीच्या भिंतीत एक वाहक प्रथिन असतं. त्याच्या ७६व्या जागेवरचं लायसीन जाऊन थ्रिओनीन आलं, सोबत आणखी काही बदल झाले, आणि ते प्रथिन क्लोरोक्विनला पिशवीबाहेर काढू लागलं.

यातून पुढची कल्पना आपसूक सुचते. हीमला चिकटणारा भाग तसाच ठेवा, आणि दाराने ओळखलेला भाग बदला. क्लोरोक्विनच्या रेणूत दोन जोडलेल्या कड्यांचं क्विनोलिन असतं, त्याच्या सातव्या जागेवर क्लोरीन, आणि चौथ्या जागेवर दोन नायट्रोजनांमध्ये चार कार्बनची साखळी असलेलं शेपूट. क्लोरीन काढलं की परिणाम ढासळतो, म्हणून त्याला हात लावायचा नाही. शेपटाशी मात्र खेळता येतं. रश्श्यात एका वेळी एकच मसाला बदलून चव घ्यावी, तसं इथे एका वेळी एकच जागा बदलतात, म्हणजे फरक कशाने पडला ते नेमकं कळतं. नव्वदच्या दशकात असं दिसलं की शेपूट आखूड केलं, म्हणजे दोन-तीन कार्बनचं, किंवा उलट दहा-बारा कार्बनचं लांबलचक केलं, तर क्लोरोक्विनला न जुमानणारे परजीवीही मरतात. चाराच्या जागी तीन कार्बन असलेला एक्यू-१३ नावाचा रेणू माणसांवरच्या चाचणीपर्यंत पोचला. आफ्रिकेत मालीमध्ये तो आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिनसोबत तोलून पाहिला गेला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांत तो त्याच्या तोडीचा ठरला. साखळीत एका कार्बनचा फरक!

सगळेच रेणू असे विचार करून आखलेले नसतात. दुसरा मार्ग धडक मोहिमेचा. ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने आपल्या साठ्यातली सुमारे २० लाख संयुगं एकेक करून परजीवीवर टाकून पाहिली आणि त्यातली चाललेली १३ हजारांहून अधिक २०१० मध्ये जगासाठी खुली केली. कोणीही ती घेऊन पुढचं काम करावं, असं. छोट्या विद्यापीठांच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट होती.

आणि तिसरा मार्ग, जो आमच्याकडे सर्वात स्वस्त म्हणून सर्वात लाडका, तो संगणकाचा. परजीवीच्या एखाद्या प्रथिनाचा आकार जाहीर संग्रहातून घ्यायचा आणि आपला रेणू त्याच्या खाचेत किती घट्ट बसतो याचे गुण संगणकाकडून घ्यायचे. याला डॉकिंग म्हणतात. हजार रेणूंतून कोणते पन्नास आधी करून पाहावेत, हे ठरवायला ते उपयोगी आहे. पण अलीकडे डॉकिंगचे गुण चांगले आले एवढ्यावर "मलेरियावर प्रभावी रेणू" असं लिहायची जी चाल पडली आहे, ती मला पटत नाही. संगणकात परजीवी मरत नाही. रेणू पेशीच्या भिंतीतून आत जातो का, पाण्यात विरघळतो का, यकृत त्याला तासाभरात मोडून टाकतं का, यातलं त्या गुणांत काहीच नसतं.

मे महिन्यातलं संश्लेषण

रेणू बनवणं हा भाग बाहेरच्यांना सर्वात अवघड वाटतो. क्विनोलिनच्या बाबतीत तो बऱ्यापैकी सरळ आहे. ४,७-डायक्लोरोक्विनोलिन बाटलीत विकत मिळतं. त्याला हव्या त्या अमाइनसोबत, म्हणजे नायट्रोजन असलेल्या संयुगासोबत, तापवलं की चौथ्या जागेवरचं क्लोरीन सुटतं आणि तिथे अमाइन येऊन बसतं. सातव्या जागेवरचं क्लोरीन हलत नाही, आणि तेच आपल्याला हवं असतं. तासातासाने टीएलसी प्लेटवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या पट्टीवर, ठिपका टाकून बघायचं, जुना ठिपका गेला आणि नवा आला की प्रक्रिया संपली. मग धुणं, स्फटिक काढणं, कॉलममधून गाळणं. नेमकं तेच संयुग झालं याचा पुरावा रेणूची रचना आणि वजन दाखवणाऱ्या एनएमआर आणि मास स्पेक्ट्रममधून मिळतो. ही यंत्रं महागडी, त्यामुळे चिमूटभर पावडर चंदीगड किंवा लखनौला पाठवून आलेखाची वाट बघणं हा नागपूरच्या विद्यार्थ्याच्या आयुष्याचा एक भागच असतो.

त्यात आपला उन्हाळा. डायइथाइल ईथर ३५ अंशांच्या आसपास उकळतं. मे महिन्यात खोलीच त्याहून गरम असते. बाटलीचं बूच काढलं की फुस्स, आणि गच्चीवरच्या टाकीतून कंडेन्सरला येणारं पाणी हात पोळेल असं. अशा वेळी शहाणे लोक बर्फाचं पाणी फिरवतात, किंवा ईथरचं काम सरळ जुलैवर ढकलतात.

या उष्णतेचा औषधाशीही संबंध आहे. गोळी शेवटी एखाद्या आरोग्य उपकेंद्राच्या कपाटात, पंख्याशिवाय, महिनोन् महिने पडून राहणार. म्हणून नव्या औषधाची टिकाऊ चाचणी ४० अंश सेल्सियस आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवून करतात. प्रयोगशाळेत उत्तम वागणारे कितीतरी रेणू तिथे विरघळतात, पिवळे पडतात, मोडतात.

बशीत, उंदरात, माणसात

आता चाचणी. १९७६ पर्यंत फॅल्सिपेरम शरीराबाहेर सलग वाढवताच येत नव्हता. त्या वर्षी विल्यम ट्रेगर आणि जेम्स जेन्सन यांनी ते जमवलं. परजीवीला ऑक्सिजन कमी लागतो, म्हणून त्यांनी काचेच्या बरणीत बशा ठेवून आत मेणबत्ती पेटवली आणि झाकण लावलं. ज्योत विझली की आतली हवा परजीवीला मानवेल अशी झालेली असते. साधनं तुटपुंजी असतील तिथे अजूनही ही युक्ती चालते.

अशा बशीत माणसाच्या रक्तपेशींवर परजीवी वाढवायचा, नवा रेणू वेगवेगळ्या प्रमाणात टाकायचा आणि दोन-तीन दिवसांनी किती वाढ झाली ते मोजायचं. मोजायची सोपी पद्धत म्हणजे डीएनएला चिकटून चमकणारा रंग. तांबड्या रक्तपेशीला केंद्रकच नसतं, म्हणून जो डीएनए चमकतो तो परजीवीचाच. वाढ निम्म्यावर आणायला लागणारं प्रमाण म्हणजे आयसी-५०. आकडा जितका लहान, तितका रेणू तिखट. क्लोरोक्विनला मरणाऱ्या परजीवीवर त्याचा हा आकडा काही दहा नॅनोमोलर (द्रावणातलं प्रमाण मोजायचं एकक) असतो. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत पाच, दहा, कधी पन्नास मायक्रोमोलर दिसतो. मायक्रो म्हणजे नॅनोच्या हजार पट, तेव्हा हा रेणू शेकडो पटींनी दुबळा झाला. प्रबंधासाठी ते ठीक आहे, पण बातमीसाठी नाही.

चाचणी दोन प्रकारच्या परजीवींवर करावी लागते, एक क्लोरोक्विनला दबणारा आणि एक न दबणारा. दोन्हींवर आकडा जवळपास सारखा आला, तर आपण दार चुकवलं. आणि तोच रेणू माणसाच्या यकृताच्या किंवा मूत्रपिंडाच्या पेशींवरही टाकायचा. ज्या प्रमाणात परजीवी मरतो त्याच प्रमाणात या पेशीही मरत असतील, तर ते औषध नव्हे. फिनाइलनेही परजीवी मरेल. दोन आकड्यांमधलं अंतर निदान शंभर पटींचं असावं, अशी माझी अपेक्षा असते, आणि कोणताही शोधनिबंध हातात आला की मी आधी तेच शोधतो. बऱ्याचदा ते दिलेलंच नसतं.

हृदयाचीही तपासणी असते. हॅलोफँट्रिन हे औषध परजीवीवर उत्तम चालायचं, पण हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवायचं. त्यामुळे आता हृदयाची लय सांभाळणाऱ्या पोटॅशियमच्या वाहिनीवर रेणू बसतो का, हे उंदरांच्याही आधी बघतात.

मग उंदीर. माणसाचा मलेरिया साध्या उंदराला होत नाही, म्हणून बर्गी नावाचा उंदरांचा मलेरिया वापरतात. पहिल्या दिवशी लागण करायची, चार दिवस औषध द्यायचं, पाचव्या दिवशी शेपटीतल्या रक्ताची काच बघायची. चार दिवसांची पीटर्स चाचणी म्हणून ती ओळखली जाते, आणि तिला प्राणी-नीतिमत्ता समितीची परवानगी लागते. बशीत वाघ असलेले रेणू इथे शेळी होतात, कारण आता रेणूला आतड्यातून रक्तात जायचंय आणि यकृताच्या तावडीतून सुटायचंय. आमच्याकडची बहुतेक कामं याच पायरीवर, किंवा तिच्या आधी, थांबतात. पैसा हे एक कारण. दुसरं, डिग्री मिळाली की विद्यार्थी निघून जातो आणि त्याची पावडर डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात, पडून राहते.

इथून पुढे माणसं. देशात त्यासाठी २०१९चे नवीन औषधे आणि वैद्यकीय चाचण्यांचे नियम लागू आहेत. आधी मोजक्या निरोगी स्वयंसेवकांना औषध देऊन ते किती सोसतं आणि रक्तात किती वेळ टिकतं ते बघायचं, मग थोड्या रुग्णांवर, मग शेकडो-हजारो रुग्णांवर जुन्या औषधाशी तुलना. मलेरियात आणखी एक वेगळी सोय आहे. स्वयंसेवकाच्या संमतीने त्याला मोजूनमापून लागण करतात, परजीवी रक्तात वाढू लागले की नवं औषध देतात, आणि कमी पडलं तर लगेच खात्रीचं जुनं देऊन बरं करतात.

आर्टेरोलेनची गोष्ट

भारताच्या संदर्भात एक उदाहरण सांगायलाच हवं. आर्टेमिसिनिन हे चीनच्या तू यूयू यांच्या गटाने १९७२ मध्ये एका वनस्पतीतून वेगळं केलं. त्यासाठी त्यांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं. त्याची ताकद दोन ऑक्सिजनांच्या एका ताणलेल्या बंधात आहे. परजीवीच्या आत लोहाशी गाठ पडली की तो बंध फुटतो आणि आजूबाजूच्या प्रथिनांची नासधूस होते. अडचण ही की वनस्पती शेतात उगवते, तिचं पीक आणि भाव वरखाली होत राहतात. मग तोच ऑक्सिजनचा बंध असलेला, पण पूर्णपणे कारखान्यात बनणारा रेणू का करू नये? अमेरिकेतल्या जोनाथन व्हेनरस्ट्रॉम यांच्या आंतरराष्ट्रीय गटाने तसा रेणू केला. तो आर्टेरोलेन.

निरोगी माणसांत तो छान वागला. रुग्णांत मात्र रक्तातलं त्याचं प्रमाण अपेक्षेपेक्षा बरंच कमी निघालं. मलेरियाच्या रुग्णाच्या रक्तात मोकळं लोह जास्त असतं, आणि जो बंध परजीवीत फुटायचा तो वाटेतच फुटू लागला, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. निधी देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००७ मध्ये हात काढून घेतला. रॅनबॅक्सीने मात्र तो सोडला नाही. त्याला पिपेराक्विन या मलेरियाच्या दुसऱ्या औषधाची जोड दिली आणि २५ एप्रिल २०१२ रोजी, जागतिक मलेरिया दिनी, दिवसाला एक अशा तीन गोळ्यांचं हे औषध भारतात आणलं. ज्याची बशीतली आणि उंदरातली परीक्षा अव्वल होती, त्याचीही माणसात आधी ही अवस्था झाली होती.

पिपेराक्विनची जोड का, ते एका हिशेबात कळतं. फार आजारी रुग्णाच्या अंगात एक लाख कोटी परजीवी असू शकतात. त्यांचा एक फेरा ४८ तासांचा. आर्टेमिसिनिन एका फेऱ्यात दर दहा हजारांतला साधारण एकच जिवंत सोडतं. म्हणजे पहिल्या फेऱ्यानंतर उरले दहा कोटी, दुसऱ्यानंतर दहा हजार. तीन दिवसांच्या गोळ्या एवढ्याच दोन फेऱ्यांना पुरतात, आणि हे औषध काही तासांत शरीरातून जातं. ताप उतरलेला असतो, रुग्ण शेतावर गेलेला असतो, आणि दहा हजार मागे राहिलेले असतात. त्यांना संपवायला आठवडे टिकणारं दुसरं औषध लागतं. तीन दिवसांचा कोर्स एका दिवसात सोडणारा माणूस हा हिशेब अर्ध्यावर तोडतो. नवीन रेणूंनाही म्हणूनच आधीपासून जोडीदार बघून ठेवतात. २०२५ मध्ये मोठ्या चाचणीचे चांगले निकाल जाहीर झालेलं गॅनाप्लासाइड हे नव्या वर्गातलं संयुग आहे, आणि तेही ल्युमेफँट्रिनसोबतच दिलं गेलं.

वायवॅक्सचं झोपेचं सोंग

वायवॅक्सचे काही परजीवी यकृतात निजून राहतात आणि महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. रक्तातल्या परजीवीवरची औषधं त्यांना शिवत नाहीत. प्रयोगशाळेत वायवॅक्स सलग वाढवताही येत नाही, म्हणून त्यावर रेणू तपासणं अतिशय कष्टाचं आहे. परिणाम असा की निजलेल्या परजीवीवर आज हाती असलेली दोन्ही औषधं एकाच रासायनिक घराण्यातली आहेत: १९५०च्या दशकातलं प्रायमाक्विन आणि २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झालेलं टॅफेनोक्विन. मधली साठेक वर्षं रिकामी.

या घराण्याचा दोषही सामाईक आहे. जी-६-पीडी नावाचं विकर (एन्झाइम) जन्मतः कमी असलेल्या माणसात ही औषधं रक्तपेशी फोडतात. विदर्भात सिकलसेल घराघरांत ठाऊक आहे, हे तेवढं नाही. या विकराचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि पुरुषाला ते एकच, आईकडून मिळतं, म्हणून ही कमतरता पुरुषांत जास्त दिसते. टॅफेनोक्विनची एकच मात्रा पुरते हे खरं, पण ते अंगात बरेच दिवस राहतं. त्रास झाला तर काढून घेता येत नाही, म्हणून आधी विकर मोजल्याशिवाय द्यायचंच नाही. ते मोजायचं यंत्र दुर्गम केंद्रात नसेल, तर एका मात्रेचं ते औषध तिथे पोचूनही कामाचं नाही. प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावं लागतं, तेवढाच त्याचा एक फायदा: मध्येच थांबवता येतं. लघवी गडद तपकिरी झाली, तर गोळी बंद करून त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठायचं, हे गोळ्या हातात देतानाच आशाताईंनी सांगायचं असतं.